पडेलबाई आणि सासऱ्यांच्या डोक्यावरचा कडा

माझ्या मावशीला रस्ते खात्यात सगळे पडेलबाई म्हणत. तोंडावर नाही, दाराआड. पण खात्यातली दारं पातळ प्लायवुडची होती, त्यामुळे तिला सगळं ऐकू यायचं. नावाचं कारण सोपं होतं. एखादा इंजिनियर कड्याकडे बोट दाखवून विचारायचा, बाई, हा कसा वाटतो? मावशी मान मागे टाकायची, डोळे बारीक करायची आणि मग म्हणायची, "पडेल." कधी, ते मात्र सांगायची नाही. फारच खोदून विचारलं तर म्हणायची, त्याची माझी अजून तेवढी ओळख झालेली नाही.

नावाचा तिला राग नव्हता. उलट हेल्मेटच्या मागच्या बाजूला तिनं लाल रंगात 'पडेल' असं लिहूनच घेतलं होतं. पुढे का नाही लिहिलं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, पुढे माझा चेहरा आहे, तिथे वेगळं लिहायला लागत नाही. ठेंगणी, रुंद बांध्याची, गुडघ्यांनी अधू आणि आवाजानं दणकट अशी ही बाई. शिव्या तिला भरपूर येत, पण त्या ती फक्त दगडांना द्यायची. माणसांकडे नुसती बघायची, आणि ते जास्त लागायचं.

मावशीचं गाव दरीत कोंबून बसवल्यासारखं आहे. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला उभा कडा आणि मधल्या पट्टीत रस्ता, बाजार, दवाखाना, घरं. जागा इतकी कमी की लोक कड्याला पाठ टेकून राहतात. त्या कड्याचं काय चाललंय हे बघणं मावशीचं काम. कुठला दगड सुटेल, केवढा सुटेल आणि सुटला तर कुठवर येईल. यातला मधला प्रश्न सगळ्यात अवघड, असं ती म्हणायची, कारण बाकी दोन प्रश्नांना लोक निदान घाबरतात. 'केवढा'ला कुणी घाबरत नाही.

कॉलेजसाठी मी तिच्याकडे राहायला गेले, त्या पहिल्याच आठवड्यात तिनं मला हे जेवणाच्या टेबलावर शिकवलं. अंघोळीच्या साबणाची कोरी वडी आणली, सुरी घेतली आणि आडवे, उभे, तिरपे असे काप दिले. कडा अखंड नसतो, ती म्हणाली, त्याला भेगा असतात, आणि त्या एकेका दिशेनं ओळीत जातात. भेगा जवळजवळ असल्या तर खडे पडतात. लांब लांब असल्या तर धोंडे पडतात. रस्त्यावर रोज मुठीएवढे खडे दिसतात म्हणून लोक समजतात की इथे मुठीएवढंच पडतं. मोठा रोज पडत नाही, एवढ्यावरून तो पडतच नाही असं त्यांचं ठरून जातं. मग तिनं वडी दाबली, आणि एका बाजूनं चुरा पडला, दुसऱ्या बाजूनं अख्खा चौकोन निखळला. मावशीचे यजमान, आमचे काका, अंघोळीला निघाले होते. आता अंघोळ कशानं करू, असं त्यांनी विचारलं. तुकड्यांनी, मावशी म्हणाली.

काका दातांचे डॉक्टर. स्वभावानं इतके मऊ की दात काढताना पेशंटच्या आधी त्यांनाच दुखायचं. त्यांचे वडील टेलरमास्तर, आणि त्यांचं घर होतं बरोबर कड्याखालच्या गल्लीत. पुढे दुकान, मागे राहतं घर, आणि घरामागे अंगणात एक प्रचंड दगड. तो दगड म्हणजे त्या घराचं वैभव. त्याच्यावर उशांचे अभ्रे वाळायचे, मुलं घसरगुंडी खेळायची, टेलरमास्तर दुपारचा चहा तिथे बसून घ्यायचे. मागच्या खोलीची एक भिंत म्हणजे तो दगडच होता. मास्तरांच्या आजोबांनी घर बांधताना एक भिंत फुकट मिळाली म्हणून ही जागा धरली, हे मास्तर प्रत्येक पाहुण्याला सांगत.

लग्नाआधी काका मावशीला आईवडिलांना भेटवायला घेऊन गेले, तेव्हा तिलाही सांगितलं. तिनं चहा प्यायला, हसून मान डोलावली, आणि जरा अंगण बघून येते म्हणून मागे गेली. बराच वेळ झाला तरी येईना, म्हणून सगळे बघायला गेले. ही नव्या कपड्यांत उकिडवी बसून केसातल्या पिनेनं दगडावरचं शेवाळ खरवडत होती. मग उठली, चार पावलं मागे गेली, कड्याकडे बघितलं, परत दगडाकडे बघितलं. कड्यात थर आडवे होते. दगडात उभे होते.

"हा इथला नाही," ती म्हणाली. "वरून आलाय."

मास्तर म्हणाले, आमच्या आजोबांच्याही आधीपासून आहे तो इथे. मावशी म्हणाली, म्हणजे तो आजोबांच्या आधी आला, एवढंच. सासूबाईंनी बिस्किटं आणली. ती गेल्यावर मास्तरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, मुलगी हुशार आहे, पण मला नको. काका आयुष्यात एकदाच कुणाला उलट बोलले, ते तेव्हा. म्हणाले, तुम्हाला कुठे करायचीय, मला करायचीय.

पुढे सासरा-सुनेचं जमलं, म्हणजे भांडून जमलं. मावशीच्या डोंगरावर घालायच्या पँटी मास्तरच शिवून देत. त्यांना गुडघ्यावर दुहेरी कापड, मांडीवर हातोडीचा खिसा, मागे टेपचा खिसा. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असताना मास्तर मुद्दाम मोठ्यानं विचारायचे, सूनबाई, आज कोण पडणार? मावशीही तितक्याच मोठ्यानं सांगायची, तुमचा गल्ला. गल्लीला ही दोघं फुकटची करमणूक होती.

मग एका वर्षी पाऊस लांबला, आणि तो थांबल्यावर गल्लीत खडे यायला लागले. एक न्हाव्याच्या दुकानाची पाटी फोडून गेला, एक पिठाच्या गिरणीच्या पत्र्यातून आत आला. खात्यानं ठरवलं, गल्लीवरचा सगळा कडा नीट तपासायचा. मावशीनं साहेबांना सांगितलं, माझं सासर त्याच्याखाली आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा. साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. खात्यात पूल बघणारे होते, डांबर बघणारे होते, कडा बघणारी ही एकटीच. मग तीच गेली.

आधी ती खाली हिंडली. पायथ्याशी झाडीत जुने पडलेले धोंडे होते, त्या प्रत्येकाची लांबी, रुंदी, उंची तिनं टेपनं मोजली. झाडांच्या बुंध्यांवरचे जुने घाव शोधले, कारण घाव जेवढ्या उंचीवर, तेवढी त्या दगडाची उसळी. सासऱ्यांच्या अंगणातला दगडही मोजला. मास्तर त्यावर बसून चहा पीत होते. तिनं पाय उचला म्हटलं, त्यांनी पाय उचलले, पण कप ठेवला नाही.

मग ती दोर बांधून कड्यावर उतरली. बरेच दिवस गल्लीला ती वर लटकलेली दिसायची, कोळ्यासारखी, आणि वाऱ्याबरोबर तिच्या शिव्या खाली यायच्या. बहुतेक कडा बारीक भेगांचा होता, त्यातून खडेच येणार होते. पण मास्तरांच्या घराच्या वर, उजव्या अंगाला, भेगा एकदम लांब लांब गेल्या होत्या आणि त्यांनी एक सलग ठोकळा कापून ठेवला होता. टेम्पोएवढा. त्याच्या पाठीमागची फट वरपासून खालपर्यंत उघडी होती आणि ज्या थरावर तो बसला होता, तो थर झिजून आत गेला होता. खालून बघणाऱ्याला तो कडेला लावलेल्या कपाटासारखा दिसे, म्हणून गल्लीत त्याला कपाटच म्हणायला लागले. मावशीनं फटीच्या दोन्ही अंगांना पोलादी खिळे ठोकले आणि त्यांच्यातलं अंतर मोजत राहिली. अंतर वाढत होतं.

बैठक झाली तेव्हा साहेबांसमोर एका कंपनीचं चकचकीत पुस्तक होतं. त्यात पोलादी जाळीचे फोटो होते. ती जाळी कपडे धुण्याच्या मशीनएवढा दगड अडवू शकत होती. साहेब म्हणाले, मोजलेल्या सगळ्या दगडांची सरासरी काढली तर मशीनपेक्षा लहानच येते, मग प्रश्न मिटला.

"सरासरी दगड कुणाच्या डोक्यात पडत नाही, साहेब," मावशी म्हणाली. "जो पडतो तो त्याच्या मापाचाच पडतो."

साहेब काही मूर्ख नव्हते. ते म्हणाले, तुम्ही प्रत्येक ठिकाणी सगळ्यात मोठाच दगड धरायला लागलात तर मला आभाळाला जाळी लावावी लागेल. मावशी म्हणाली, बरोबर आहे, म्हणून जाळी नकोच. कपाट आपणच खाली काढू. पायथ्याशी खोल चर खणू, त्यापुढे मातीचा बांध घालू. आणि कडा आणि बांध यांच्या मधली घरं कायमची उठवू. मग तिनं नकाशा पसरला. त्यावर लाल पट्टा होता आणि लाल पट्ट्यात टेलरमास्तरांचं घर होतं.

बातमी गल्लीत तिच्या आधी पोचली. न्हाव्याच्या दुकानात एकाच खुर्चीवर दोन वेगवेगळ्या माणसांनी दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या. एक म्हणाला, सासऱ्याचा सूड उगवायला बाईनं घर लाल केलं. दुसरा म्हणाला, सासऱ्याला नदीपलीकडे नवा फ्लॅट मिळावा म्हणून बाईनं घर लाल केलं. न्हावी दोघांनाही हो म्हणाला, कारण त्याच्या हातात वस्तरा होता आणि त्याला धंदा करायचा होता.

सासूबाईंनी त्याच दिवशी भांडी बांधायला घेतली. मागच्या खोलीच्या त्या फुकटच्या भिंतीला बारा महिने ओल यायची, तिनं त्यांचे सांधे धरले होते, आणि नवऱ्याच्या आजोबांबद्दल त्यांना इतकी वर्षं जे बोलायचं होतं ते त्या भांडी बांधता बांधता बोलल्या. मास्तर हलले नाहीत. त्यांनी सुनेशी बोलणं टाकलं. ती समोर असली की बायकोकडे बघून म्हणायचे, तिला सांग, मी या घरात जन्मलो. तिला सांग, तिच्या दगडाला म्हणावं, मी घरीच आहे. काका मध्ये पडले, दोन्ही बाजूंना मान डोलावून आले आणि त्यामुळे दोन्ही बाजू त्यांच्यावर चिडल्या.

मावशी बाहेरून तशीच दिसायची. पण एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर ती ओट्याला टेकून उभी होती आणि गॅसवर भाजी करपत होती. मी गॅस बंद केला. ती म्हणाली, परक्यांच्या बाबतीत चुकले तर खातं मला दोन शब्द बोलेल आणि विसरेल. इथे चुकले, कपाट पुढची पन्नास वर्षं तसंच उभं राहिलं असतं असं निघालं, तर एक म्हातारा माणूस त्या फ्लॅटमध्ये माझ्या नावानं बोटं मोडत मरेल. आणि चुकले नाही, पण त्याला हलवता आलं नाही, तर ते मला बघायचं नाही. मी तिला एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मी करपलेली भाजी वेगळी काढत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात गेली. मीही होते. मास्तर मशीनवर होते, त्यांनी वर बघितलं नाही. ती समोरच्या स्टुलावर बसली.

"बाबा, दुसऱ्यानं आणलेल्या मापावर तुम्ही कधी कापड कापलंय?"

मास्तरांचा पाय थांबला. बायको समोर नव्हती, त्यामुळे कुणाकडे बघून बोलावं ते त्यांना समजेना. शेवटी ते म्हणाले, नाही.

"मग माझ्या मापावर घर सोडू नका. वर चला, स्वतः माप घ्या."

सासूबाईंना कळलं तेव्हा त्यांनी दोघांनाही वेड लागलंय असं सांगितलं आणि मुलाला सोबत जायला लावलं. काकांना उंचीची भीती होती. ते माथ्यापर्यंत आले आणि एका झाडाला मिठी मारून बसले. माथ्यावर मागून पायवाट जाते, ती सोपी आहे. तिथून खाली एक पट्टी आहे, माणूस आरामात उभा राहील एवढी, आणि खात्याच्या माणसांनी तिथे दोर लावले होते. मास्तरांच्या कमरेला पट्टा बांधला तेव्हा त्यांनी आधी त्याची शिलाई उलटसुलट करून बघितली. दुहेरी टाक्याची आहे, म्हणाले, मग ठीक आहे. गळ्यात त्यांची नेहमीची टेप होती, खिशात खुणा करायचा निळा खडू होता.

त्यांनी कपाटाचं माप शर्टाचं घ्यावं तसं घेतलं. उंची, रुंदी, मग जाडी. टेप कमी पडे तिथे खडूची रेघ मारून पुढे मोजत. एका ठिकाणी ते मावशीला म्हणाले, तुझं इथे चुकलंय. दोघांनी परत मोजलं. तिचं बरोबर होतं. मास्तरांनी खडूची रेघ अंगठ्यानं पुसली. मग तिनं त्यांना पाठीमागच्या फटीत हात घालायला सांगितला. हात खांद्यापर्यंत आत गेला. आतून गार हवा येत होती. त्यांनी खिसा चाचपला, शर्टाचं एक बटण काढलं आणि फटीत सोडलं. ते टक टक करत खाली गेलं, लांब गेलं, आणि मग आवाज येईनासा झाला.

"शिवण उसवलीय," मास्तर म्हणाले. वाकून बूड बघितलं. "अस्तरही गेलंय."

मग त्यांनी पहिल्यांदा खाली बघितलं. त्यांचं छप्पर दिसत होतं, काड्यापेटीएवढं. अंगणात सासूबाई चादर झटकत होत्या. मावशी नंतर सांगायची, त्यांचा हात तिच्या दंडावर होता आणि तो घट्ट होत गेला.

"तिला मी इतकी वर्षं याच्याखाली झोपवली," ते म्हणाले.

मावशीला रडू येईल असं वाटलं, पण तेवढ्यात मास्तरांनी विचारलं, इथे लघवीला कुठे जायचं, आणि ते राहून गेलं.

खाली आल्यावर त्यांनी गल्लीत कुणाला काही स्पष्टीकरण दिलं नाही. मशीन तेवढं आधी हलवलं, मग दुकानाला कुलूप लावलं. न्हाव्यानं विचारलं, मास्तर, वर काय दिसलं? मास्तर म्हणाले, तुझं टक्कल.

पुढच्या दिवसांत गल्लीतली लाल पट्ट्यातली घरं रिकामी झाली, चर खणला, बांध घातला. मावशीनं संगणकावर त्या उतारावरून हजारो दगड सोडून बघितले होते आणि त्यातला एकही बांध ओलांडत नव्हता. कपाट उतरवायचा दिवस ठरला तेव्हा सगळं गाव नदीपलीकडच्या शाळेच्या मैदानावर जमलं. लोकांनी खुर्च्या आणल्या, छत्र्या आणल्या, चहाचे थर्मास आणले. मास्तरांकडे कुणाची तरी दुर्बीण होती. सासूबाईंनी विणकाम आणलं होतं.

वर माणसांनी फटीत रबराच्या चपट्या उशा सरकवल्या आणि पंपानं त्यात हवा भरायला सुरुवात केली. सुरुंग नाही, काही नाही, नुसती हवा. बराच वेळ काहीच झालं नाही. लोक कंटाळून गप्पा मारायला लागले. मग कपाट सावकाश पुढे झुकलं, एखादा म्हातारा सभेत झोपेनं झुकावा तसं, आणि सुटलं.

आवाज आमच्यापर्यंत उशिरा आला. कपाट पहिल्या पट्टीवर आपटून फुटलं, ते मावशीनं सांगितलंच होतं. मोठे तुकडे सरळ चरात गेले, तेही सांगितलं होतं. पण एका बाजूनं एक पातळ फरशी सुटली. मावशीला न दिसलेली एक भेग आत होती, त्या भेगेनं ती कापलेली होती. फरशी कडेवर उभी राहिली आणि गाडीच्या चाकासारखी गरगरत निघाली. चर तिनं उडीत पार केला, बांधाचा चढ म्हणून उपयोग केला, आणि हवेतून जाऊन सरळ टेलरमास्तरांच्या संडासावर पडली.

हा संडास म्हणजे मास्तरांचा अभिमान. गेल्याच वर्षी त्यांनी तो घराच्या पुढच्या अंगाला, आता बांधाच्या पलीकडे आलेल्या जागेत, स्वतः उभं राहून बांधून घेतला होता. पिवळ्या टाइल्स, कमोड, आरसा. धूळ बसली तेव्हा भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं, फरशी मागे जमिनीत रुतून तिरकी उभी होती आणि तिच्यापुढे पांढरंशुभ्र कमोड एकटंच, ओरखडाही न उठता, सगळ्या गावाकडे तोंड करून बसलं होतं. सगळं मैदान हसायला लागलं. लोक खुर्च्यांवरून घसरले.

मास्तरांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली. "सकाळी या वेळी मी तिथेच असतो," ते म्हणाले.

"पेपर घेऊन," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचं विणकाम थांबलं.

मावशी एकटीच हसत नव्हती. ती पांढरीफटक पडली होती. लोक तिला शाबासकी द्यायला येत होते, साहेबांनी हात पुढे केला होता, आणि ती त्या बांधाकडे बघत होती. त्या बांधाच्या पुढे काही येणार नाही, असं तिनं लिहून दिलं होतं. तिच्या भरवशावर खात्याचे दोन पोरगेले शिपाई रस्त्याच्या कड्याकडच्या अंगाला उभे राहिले असते, पण तिनं शेवटच्या क्षणी उगाचच त्यांना पलीकडे हाकललं होतं.

साहेबांचा हात तिनं हातात घेतलाच नाही. म्हणाली, लाल पट्टा पुढे सरकवावा लागेल. साहेबांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. ते म्हणाले, अहो, पडलं ना कपाट, संपलं. गावापुढे आता तोंड कसं दाखवायचं?

"साहेब, मी चुकले," ती म्हणाली. "संगणकात मी सगळे दगड ठोकळे धरले. तिथे फरश्याही आहेत, आणि फरशी चाकासारखी लांब जाते. माझी चूक तुम्ही कुठेही लिहा, पण फरशी तिथवर आली हे आता कुणाला खोडता येणार नाही."

ती स्वतःच गावापुढे उभी राहिली. हसून हसून दमलेल्या लोकांना सांगितलं की आणखी काही घरं आणि न्हाव्याचं दुकान पट्ट्यात जाणार. हसू लगेच थांबलं. न्हावी म्हणाला, बाई, एकदा चुकलात, आता दुसऱ्यांदा कशावरून बरोबर? तिनं सांगितलं, काहीच्या काही विचारलं नाहीस, बरोबर विचारलंस. आणि मग त्याला पायथ्याशी घेऊन गेली. पुन्हा सगळी झाडी हिंडून तिनं जुन्या फरश्या शोधल्या, नुसत्या आकारानं नाही, जाडीनं वेगळ्या काढल्या. अशी एक शेवाळलेली फरशी न्हाव्याच्या दुकानाच्या उंबरठ्याची पायरी म्हणून कितीतरी वर्षं पडून होती. परत आल्यावर न्हावी तिच्यावर उभा राहूनच वाद घालत होता. त्यानं खाली बघितलं आणि पाय बाजूला घेतला.

बांध वाढवला, त्याची कड्याकडची बाजू उभी केली, म्हणजे त्याचा चढ म्हणून उपयोग होऊ नये. खात्यानं मावशीच्या कागदात चुकीबद्दल शेरा मारला आणि तिची बढती एक वर्ष मागे पडली. ती म्हणाली, एका संडासाच्या मानानं स्वस्तात सुटले. त्यानंतरच्या वर्षांत दोन फरश्या आल्या आणि दोन्ही बांधाच्या पोटाला लागून पडल्या. त्याचा गावात कुणी विषय काढला नाही. अंगावर न पडलेल्या गोष्टींबद्दल माणसं बोलत नाहीत.

मास्तर फ्लॅटमध्ये खूश नव्हते, आणि ते त्यांनी शेवटपर्यंत रोज सांगितलं. बाल्कनी अरुंद, पाणी बेचव, वरची बाई पहाटे फर्निचर सरकवते. सासूबाईंचे सांधे मात्र मोकळे झाले, त्या बाजार करून जिना चढून यायला लागल्या. मास्तरांनी मशीन बाल्कनीत मांडलं, आणि जुनी गिऱ्हाइकं पूल ओलांडून यायला लागली. ते गेले तेव्हा त्यांच्या मशीनवर मावशीची एक पँट होती, एका गुडघ्याचं दुहेरी कापड लावायचं राहिलेलं. मावशीनं ती दुसऱ्या कुणाकडून पुरी करून घेतली नाही. तशीच घालते, एका गुडघ्यानं साधी.

आता तिचे दोन्ही गुडघे बदललेत आणि डॉक्टरांनी कड्यावर जायला सक्त मनाई केलीय. खात्यानं दोन तरुण मुली घेतल्यात. त्या दोरावरून उतरतात आणि ही खाली घडीच्या खुर्चीत दुर्बीण आणि फोन घेऊन बसते. मागच्या महिन्यात मी तिला डबा द्यायला गेले होते. वरून एकीनं भेगांमधलं अंतर सांगितलं. मावशीनं ऐकलं, दुर्बिणीतून बघितलं, दगडाला एक लांबलचक शिवी घातली आणि फोनमध्ये म्हणाली, जाडी सांगितली नाहीस. मुलगी म्हणाली, मॅडम, जाडी अंदाजे धरली. मावशीनं डब्याचं झाकण उघडलं, वास घेतला, आणि म्हणाली, परत मोज, मी जेवून घेते तोवर.